तीन नंबरचं टेबल

१० जुलै

सरांनी वही ठेवायला सांगितली आहे. "प्रोजेक्ट सुरू असेपर्यंत रोज लिहा. काय पाहिलं, काय मोजलं, काय ठरवलं. मनात काय आलं ते नको." म्हणून मी दोन वह्या आणल्या. निळी सरांसाठी. ही मनात काय आलं त्यासाठी.

एमबीएचं दुसरं वर्ष सुरू झालं. शनिवार-रविवार वर्ग, बाकी पाच दिवस सर्जिकल वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर. वय बेचाळीस. गेल्या वर्षी पहिल्या तासाला एका मुलीने उठून विचारलं होतं, "मॅडम, हजेरी घेताय ना?" मी म्हटलं, "घेतली असती, पण माझीच लावायची आहे." संख्याशास्त्रात काठावर पास झाले, तेही शेजारच्या बाकावरच्या बँकवाल्याने महिनाभर जेवणाच्या सुट्टीत शिकवणी घेतली म्हणून.

प्रोजेक्टला मला जखमेतला संसर्ग हा विषय हवा होता. पण आज प्रशासकांनी बोलावलं. म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला कोर्सला हॉस्पिटलने पाठवलंय, तर विषय हॉस्पिटलच्या उपयोगाचा असू दे. आपली लाँड्री घ्या. तिकडे आजवर कुणी डोकावून पाहिलेलं नाही. आणि तुमचं तर तिथे घरचं माणूस आहे. लोक तुमच्याशी मोकळेपणाने बोलतील."

इतक्या वर्षांत त्यांनी मला खुर्चीवर बसा म्हणण्याची ही पहिलीच वेळ. मी हुरळले. हो म्हणून आले.

घरचं माणूस म्हणजे वहिनी. घरी येऊन सांगितलं तर ती हसत सुटली. "आमचा अभ्यास? चादरीत काय शिकणार तू, चिंगे?"

मी आठ वर्षांची असताना ती लग्न होऊन आमच्या घरात आली. ती एकोणीसची. मी सोळाची झाले आणि दादा गेला. सगळ्यांनी तिला माहेरी जा म्हणून सांगितलं. ती गेली नाही. हॉस्पिटलच्या लाँड्रीत चिकटली आणि मला नर्सिंगला घातलं. तिला मूलबाळ नाही. होते ती मीच. सव्वीस वर्षं झाली, ती चादरींच्या घड्या घालते आहे.

१४ जुलै

आज पहिल्यांदा लाँड्रीत पूर्ण शिफ्ट काढली. एवढी वर्षं याच आवारात आहे, पण त्या दारातून गाठोडं आत टाकायचं आणि गाठोडं बाहेर घ्यायचं, एवढंच माहीत होतं.

आत शिरल्यावर चष्म्यावर वाफ धरते. पहिली खोली निवडीची, रक्ताचे कपडे वेगळे, साधे वेगळे. मग दोन अजस्र मशीन, मग ड्रायर, मग चादर गिळून इस्त्री करून बाहेर टाकणारा रोलर. शेवटी घडीची तीन टेबलं. प्रत्येक टेबलावर दोघी समोरासमोर. चादरीची चार टोकं चार हातांत, झटका, अर्धी, परत अर्धी, एकीने पुढे चालत यायचं आणि आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची. बघत राहावंसं वाटतं.

माणसं एकवीस. मुकादम मशीनच्या आवाजाने इतका सरावला आहे की शांत जागीसुद्धा ओरडून बोलतो आणि प्रत्येक वाक्य दोनदा. "या सिस्टर, या सिस्टर! शिंक आली तर तिचाही वेळ धरणार का? धरणार का?"

मी स्टॉपवॉच गळ्यात अडकवलं तसं हसणं एकदम थांबलं. वाईट वाटलं. पण सर म्हणालेच होते, सुरुवातीला लोक बिचकतात, मग सवय होते.

वहिनी तीन नंबरच्या टेबलावर असते. तिच्या समोर जी बाई असते तिला सगळे लंबूताई म्हणतात. दाराच्या चौकटीला डोकं लागेल इतकी उंच.

२४ जुलै

दहा दिवसांचे आकडे मांडले. एका चादरीला टेबल एकवर सरासरी सदतीस सेकंद, दोनवर एकोणचाळीस, तीनवर चोपन्न. शिवाय तीनवर शंभरातल्या अकरा चादरी घडी घालून झाल्यावर उलगडतात आणि पुन्हा घालतात.

मी टेबलाशी जाऊन वहिनीलाच विचारलं, "ही परत का उलगडलीस गं?"

लंबूताई मधेच म्हणाली, "कडा जुळल्या नव्हत्या, सिस्टर. आमच्या टेबलाचं काम जरा काटेकोर असतं." वहिनीने मान हलवली. ती चादरीकडे बघत होती.

निळ्या वहीत लिहिलं: "टेबल ३ : दर्जाबाबत अतिकाटेकोर. पुनर्काम ११ टक्के."

संध्याकाळी भाजी खारट झाली होती, तोंडात घालवेना. वहिनी म्हणाली, "तुझ्या त्या घड्याळाने माझे हात घाबरलेत." दोघीही हसलो. ताटावर बसल्यावर तिने मला दोनदा विचारलं की दुपारी जेवलीस का. माझ्या अभ्यासाची काळजी माझ्यापेक्षा तिला जास्त.

३ ऑगस्ट

बँकवाल्याला तक्ते दाखवले. तो आकड्यांकडे तसा बघतो, जशी मी जखमेकडे बघते. म्हणाला, "सिस्टर, हे तीन नंबर विचित्र आहे. हळू माणूस सगळीकडे हळू असतो. हे तसं नाही. ही बघा, एकतीस सेकंद. अख्ख्या लाँड्रीत इतकं जलद कुणी नाही. आणि पुढचीच एकशे दहा. मग परत तेहतीस. मधेच काहीतरी तुटल्यासारखं होतंय. कोण असतं तिथे?"

"माझी वहिनी."

त्याने तक्ता मिटून माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "एकदा नुसतं उभं राहून बघा ना. घड्याळ न घेता."

मी म्हटलं बघते. पण ऑगस्टअखेर मसुदा द्यायचा आहे आणि वॉर्डात दोन सिस्टर रजेवर.

१२ ऑगस्ट

सर आकड्यांवर खूश. फळ्यावर माशाचा सांगाडा काढून प्रत्येक काट्यावर एकेक कारण लिहायला लावलं. माणूस, यंत्र, पद्धत, साहित्य. मग म्हणाले, "पर्याय कुठे आहेत? हे काम बाहेरून करून घेतलं तर? त्याचं एक प्रकरण हवं. त्याशिवाय परीक्षक हा अभ्यास पुरा मानणार नाहीत."

मी म्हटलं, "सर, माझा विषय आहे तीच लाँड्री सुधारण्याचा."

"अहो, नुसतं लिहायचं आहे. उद्या लगेच कोणी कुलूप लावतंय का?"

सोमवारी प्रशासकांना हे सांगितलं तर त्यांच्याकडे नाव तयारच होतं. हॉस्पिटलची गाडी दिली. शहराबाहेरचा कारखाना, चार हॉस्पिटलांचे कपडे तिथे जातात. चादर एका टोकाला आत जाते ती दुसऱ्या टोकाला घडी होऊन, प्लास्टिकमध्ये बंद होऊनच बाहेर येते. मधे माणसाचा हात लागत नाही. आत कुणी बोलत नव्हतं. मी भारावून गेले, खोटं कशाला लिहू. आल्या आल्या सहा पानं लिहून काढली. इतकं सरळ मी कधी लिहिलं नव्हतं. बेचाळिसाव्या पानाच्या शेवटी लिहिलं, "संस्थेने या पर्यायाचा गांभीर्याने विचार करावा." वाक्य भारदस्त वाटलं म्हणून दोनदा मोठ्याने वाचलं.

२१ ऑगस्ट

आज लाँड्रीत गोंधळ झाला. ऑपरेशन थिएटरची गाठोडी लहान मुलांच्या वॉर्डात गेली आणि मुलांच्या चादरी थिएटरमध्ये. एक ऑपरेशन अर्धा तास खोळंबलं. गाठोड्यांना वॉर्डाच्या नावाच्या चिठ्ठ्या तीन नंबरच्या टेबलावर लागतात. मी विचारायला गेले तर मुकादम पुढे आला. "माझी चूक, माझी चूक! मीच बांधली गाठोडी. लिहा माझं नाव, लिहा." त्याने कधी गाठोडं बांधलेलं मी या सगळ्या दिवसांत पाहिलेलं नाही. पण माणूस स्वतःहून सांगतोय म्हटल्यावर काय करणार? लिहिलं: "चिठ्ठी लावण्याची पद्धत सदोष."

वहिनी संध्याकाळी नुसतीच खिडकीपाशी बसून होती. डोकं दुखतंय म्हणाली. मी गोळी दिली आणि मसुद्यात डोकं घातलं.

४ सप्टेंबर

वहिनी दीड तास उशिरा आली. घामाने भिजलेली. म्हणाली, "चालत आले. बरं वाटतं चालल्यावर." दोन बसचं अंतर! मी रागावले. मी म्हटलं, काही झालं असतं तर? ती म्हणाली, "उतरले चुकून अलीकडेच. सगळे थांबे सारखेच दिसतात गं आता." खरंच, रंगवलेत सगळे एकसारखे. डोळे तपासून घेऊ म्हटलं. परीक्षा झाली की.

१७ सप्टेंबर

परवा प्रशासकांनी बोलावलं. मसुदा वाचला होता. नुसता चाळला नाही. ठिकठिकाणी पेन्सिलने खुणा केल्या होत्या. म्हणाले, "उत्तम काम. फक्त टेबल एक, दोन, तीन असं लिहिलंय. नावं जोडा परिशिष्टात. प्रत्येकाचं नाव, वय, नोकरीची वर्षं, सेकंद."

"परीक्षकांना नावं लागत नाहीत, सर."

"हॉस्पिटलच्या प्रतीत लागतात. आपलं अंतर्गत असतं ते."

घरी येऊन विचार केला की नाही म्हणावं. काल नाही म्हणायलाच गेले. तोंड उघडलं आणि "हो सर, करते" असं बाहेर पडलं. वीस वर्षं राउंडला डॉक्टरांच्या मागे उभी राहून हे वाक्य जिभेला चिकटलं आहे. यादी दिली, सगळ्यात जलद माणूस वर, सगळ्यात हळू खाली. वहिनीच्या नावापुढे तिचे सेकंद मी माझ्या हाताने लिहिले.

बक्षीस देणार असतील, असं मुकादमाला वाटतं. कदाचित तसंही असेल. यादीतला वहिनीचा आकडा बदलायचं मनात आणलं असतं तर बदलता आला असता. पण मग अभ्यास कसला तो?

१ ऑक्टोबर

व्हायवा झाली! बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "इतका बारीक डेटा मिळवलात कसा?" मी म्हटलं, "लोकांनी मला परकं मानलं नाही." वर्गात सर्वोच्च श्रेणी. सरांनी हात मिळवला. बँकवाल्याने अख्ख्या वर्गाला चहा पाजला.

घरच्यांना बोलवायची मुभा होती. वहिनी ठेवणीतली साडी नेसून शेवटच्या रांगेत बसली होती. पडद्यावर तीन नंबरच्या टेबलाचा आलेख आला तेव्हा तिने शेजारच्या बाईला बोटाने दाखवलं. बहुधा सांगत होती की ही मी.

परतताना बसमध्ये माझा हात घट्ट धरून विचारलं, "आता तू डॉक्टर झालीस ना?"

"अगं वहिनी, मॅनेजमेंट! डॉक्टर काय?"

तीही हसली. "तेच गं. सुचत नाही पटकन."

किती दिवसांनी इतकं छान वाटतंय.

१५ ऑक्टोबर

लाँड्रीच्या दाराशी नोटीस लागली. पुढल्या महिन्याच्या एक तारखेपासून विभाग बंद. काम बाहेरच्या कारखान्याकडे. आठ जणांना साफसफाईत सामावून घेणार, तेरा जणांना सेवामुक्त करणार. खाली आधार म्हणून लिहिलं होतं: "संस्थेच्या अंतर्गत अभ्यासाचा अहवाल." तेरा नावांत पहिलं नाव वहिनीचं. दुसरं लंबूताईचं. माझ्या परिशिष्टातला क्रम, जसाच्या तसा उलटा.

मी वॉर्ड सोडून तशीच वर गेले.

प्रशासक म्हणाले, "बसा, सिस्टर."

मी उभीच राहिले. "सर, मी सुधारणा सुचवल्या होत्या. चिठ्ठ्यांचे रंग, टेबलांची उंची, ड्रायरची वेळ. चाळीस पानं त्याच्यावर आहेत."

"आहेत ना. आणि पान बेचाळीसवर पर्यायही आहे. गांभीर्याने विचार करावा म्हणालात. आम्ही केला."

"तो फक्त पर्याय होता."

"पर्याय निवडण्यासाठीच असतात." मग आवाज उतरवून म्हणाले, "हे बघा, दोन वर्षं संचालकांच्या मनात होतंच. मी थोपवून धरलं होतं. कागद हवा होता, तो मिळाला. तुमचा नसता तर दुसऱ्या कुणाचा मिळाला असता. त्यापेक्षा आपल्या माणसाचा बरा, नाही का? लोकांना पटतो."

"माझी वहिनी पहिली आहे यादीत."

त्यांनी यादी उचलली, बघितलं आणि खाली ठेवली. त्यांना माहीत नव्हतं असं नाही. विसरले होते.

१८ ऑक्टोबर

सरांकडे गेले. म्हटलं, "माझा रिपोर्ट मला परत हवा. श्रेणी काढून घ्या, नापास करा, मी परत एक वर्ष बसते."

सर फळा पुसत होते. पुसून झालेलाच फळा पुसत राहिले. "एकदा सादर झालं की ते कॉलेजचं असतं आणि ज्यांच्यावर अभ्यास केला त्या संस्थेचं. परत घेण्याची तरतूद नाही. आणि समजा परत घेतलंत, त्यांच्याकडे प्रत आहेच ना?"

"तुम्ही म्हणाला होतात, उद्या लगेच कोणी कुलूप लावत नाही."

"म्हणालो होतो," सर म्हणाले. डस्टर ठेवून हात झटकले. "मी तीस प्रोजेक्ट तपासतो वर्षाला. ते सगळे कपाटात जातात हो. एकही कधी..." भला माणूस आहे. मला चहा हवा का विचारलं.

१९ ऑक्टोबर

आज लाँड्रीत गेले. चार दिवस धीर होत नव्हता. वहिनी पाठीमागे चादरी मोजत होती, नोटीस निघाल्यापासून ती फक्त "बघू, बघू" म्हणते. मी मुकादमासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "मला हे करायचं नव्हतं."

मुकादम आज ओरडून बोलला नाही. एकदाच म्हणाला, "माहीत आहे."

लंबूताई बोलली. "एक विचारू, सिस्टर? तुम्हाला खरंच कळलं नव्हतं?"

"काय?"

तिने मुकादमाकडे बघितलं. मग मला हाताला धरून ड्रायरच्या मागे नेलं.

"दीड वर्ष झालं. घडी घालता घालता तिचे हात थांबतात. पुढे काय करायचं ते तिला आठवत नाही. मी माझ्या बाजूने चादर जरा ओढते, मग तिला येतं. कधी तरीही येत नाही. मग मी म्हणते, कडा जुळल्या नाहीत, उलगडू या. म्हणजे पहिल्यापासून सुरुवात होते आणि तिला वाईट वाटत नाही. चिठ्ठ्याही तिच्याऐवजी मीच लावते. त्या दिवशी मी रजेवर होते, म्हणून तो घोळ झाला. संध्याकाळी आमच्यातलं कुणीतरी तिला बसमध्ये बसवून देतं. ज्या दिवशी ती चालत आली, त्या दिवशी ज्याची पाळी होती त्याचं पोर आजारी होतं."

मी गाठोड्यावर बसले.

"तुम्ही घड्याळ घेऊन आलात तेव्हा आम्ही घाबरलो. मग मुकादम म्हणाला, बरंच झालं, सिस्टर आहेत त्या, आजार ओळखतील, घरात सांगायचं काम आपल्यावर यायचं नाही. दोन महिने तुम्ही तिच्यासमोर उभ्या राहिलात. काहीच बोलला नाहीत. तेव्हा आम्हाला वाटलं की तुम्हाला कळलंय, पण बोलायचं नाहीये. घरातली गोष्ट आहे म्हणून आम्हीही गप्प बसलो."

मी विचारलं, "म्हणजे ते चोपन्न सेकंद..."

लंबूताईला प्रश्न कळला नाही. आकडे तिने कधी पाहिलेच नव्हते.

२३ ऑक्टोबर

तपासणी झाली. आमच्याच हॉस्पिटलच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे, ज्यांच्या राउंडला मी शेकडो वेळा उभी राहिले आहे. आज नातेवाइकांच्या खुर्चीत बसले.

त्यांनी तीन शब्द सांगितले, किल्ली, झाड, वाटी. लक्षात ठेवायला सांगितले. मग घड्याळ काढायला दिलं. वहिनीने गोल सुंदर काढला आणि सगळे आकडे एकाच बाजूला दाटीने लिहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हिला विचारा, घड्याळाचं हिला चांगलं कळतं." तिने सहज म्हटलं.

"काम काय करता?" डॉक्टरांनी विचारलं.

"चादरी." तिने दोन्ही हात पुढे करून टोकं धरल्यासारखं केलं, झटका दिला, अर्धी, परत अर्धी आणि पुढे चालत जाण्यासाठी खुर्चीतून उठली. समोर कुणी नव्हतं. ती थांबली आणि तशीच उभी राहिली.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. चोपन्नव्या वर्षी लवकरच आहे, म्हणाले, पण होतं असं. दोन-अडीच वर्षांपूर्वी सुरू झालं असावं. गोळ्यांनी थोडा काळ वेग कमी होईल, परतीचा रस्ता नाही. "रोजचं ठरलेलं काम आणि ओळखीची माणसं, याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. नोकरी करतायत ना? शक्य तेवढे दिवस चालू ठेवा."

मी "हो सर" म्हटलं.

२९ ऑक्टोबर

सह्यांचं पत्र दिलं. वॉर्डातल्या सगळ्या सिस्टरनी सही केली, दोन डॉक्टरांनीही. प्रशासकांनी पोच दिली. मेट्रन म्हणाल्या, "तू दिलेल्या आकड्यांविरुद्ध तूच पत्र देतेस, लोक हसतील." मी डॉक्टरांचा कागद दाखवून म्हटलं, किमान वहिनीला तरी ठेवा, तर प्रशासकांकडून उत्तर आलं की या कागदानंतर तिला कामावर ठेवणं धोक्याचं. म्हणजे मी आणखी एक दार माझ्या हाताने लावलं.

राजीनामा लिहिला होता. बँकवाल्याने वाचला, घडी घालून परत दिला. "बाँडवर सही केलीये तुम्ही, कोर्सनंतर तीन वर्षं. आणि समजा सुटलात, वहिनींच्या गोळ्या, त्यांना बघायला दिवसा माणूस, हे कुठून करणार?" त्याने जे सांगितलं ते मला पाठ आहे. पहिल्या वर्षाला निर्णयशास्त्र शिकले आहे मी. चौकटी काढायच्या, बाण काढायचे. सगळे बाण एकाच चौकटीत येत होते.

१ नोव्हेंबर

काल लाँड्री बंद झाली. शेवटच्या चादरी तीन नंबरच्या टेबलावर घडी झाल्या. मुकादमाने मुद्दाम तसं केलं. सगळे उभे राहून बघत होते. वहिनीचे हात एकदाही थांबले नाहीत. लंबूताई मात्र रडत होती, त्यामुळे कडा तिच्याच चुकल्या आणि वहिनी तिला म्हणाली, "उलगड, उलगड. परत घालू."

आज कारखान्याची गाडी आली. प्लास्टिकमधल्या चादरी मोजून घ्यायचं काम माझ्याकडे आहे. मला बढती मिळाली आहे: साहाय्यक व्यवस्थापक, सेवा विभाग. दारावर पाटी लागली, नावापुढे पदवीसुद्धा. निकाल अजून लागायचा आहे, पण पाटीवाल्याने आधीच रंगवली.

१४ नोव्हेंबर

दिवसा एक बाई ठेवली आहे. वहिनीला ती आवडत नाही. "ही कोण? काहीच काम करत नाही," म्हणते. रविवारी लंबूताई येते. तिला कुठेतरी दुकानात सामान भरायचं काम मिळालं आहे. वहिनीशेजारी तासभर बसते, तिचे केस विंचरते. माझ्या हातचा चहा घेते, माझ्याशी बोलत नाही.

२६ नोव्हेंबर

रोज सकाळी सहाला वहिनी तयार होते. वेणी, पिशवी, डबा. डब्यात कधी काही असतं, कधी नसतं. दारापाशी मी तिला अडवते आणि सांगते की लाँड्री बंद झाली.

रोज तिला ते नव्याने कळतं. रोज तोच चेहरा. आधी तिला वाटतं मी थट्टा करते आहे, मग चेहरा हळूहळू पडतो. "बंद? आणि बाकीचे कुठे गेले? लंबूला सांगितलं का कुणी?" आणि मग विचारते, "कुणी बंद केली गं?"

पहिले काही दिवस मी "साहेबांनी" म्हणायचे. मग "वरून आलं" म्हणायला लागले. गेल्या सोमवारी खरं सांगितलं. म्हटलं, वहिनी, मी केली. माझ्या रिपोर्टमुळे झाली. वाटलं, एकदा तरी ती रागावेल. मारेल. अंगात तेवढी ताकद आहे अजून. तिने मला ताप आहे का, म्हणून कपाळाला हात लावला. मंगळवारी परत सांगितलं. बुधवारीही.

आज सकाळी परत तेच. ती दारात, पिशवी खांद्याला. "कुणी बंद केली?"

"मी केली, वहिनी."

तिने माझी हनुवटी धरली. लहानपणी शाळेत सोडताना धरायची तशी. हसून म्हणाली, "तू? तू कशी करशील, चिंगे? तू तर अजून शिकतेयस." आणि मला बाजूला सारून कडीला हात घातला. कडी कशी उघडायची ते तिला आठवेना. ती वर-खाली चाचपत राहिली. मी शेजारी उभी होते.